शाळेची अब्रू आणि मुलाचा शब्द

आपल्याकडे शिक्षणाचा प्रश्न आजवर प्रामुख्याने प्रवेशाचा प्रश्न म्हणून मांडला गेला. शाळेचे दार आमच्यासाठी उघडे आहे की बंद, शिष्यवृत्ती मिळते की नाही, वसतिगृहात जागा आहे की नाही, राखीव जागा भरल्या की नाही, या प्रश्नांवर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, तुरुंगही पाहिले. ते सारे आवश्यक होते आणि आजही आहे. परंतु दाराच्या आत गेलेल्या मुलाचे पुढे काय होते, त्याच्या अंगाला कोण हात लावतो, त्याच्या मनाला कोण ओरबाडतो आणि त्याने ते सांगितले तर त्याचे कोण ऐकते, हा प्रश्न आपल्या विचारपीठावर क्वचितच आला. तो आला तो एखादे भीषण प्रकरण घडल्यावर, संतापाच्या रूपात. संताप ओसरला की प्रश्नही ओसरला. या लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे की शाळेतील मुलाचे संरक्षण हा कॅमेऱ्याचा आणि कुंपणाचा प्रश्न नसून मुलाच्या शब्दाला किंमत आहे की नाही याचा प्रश्न आहे. आणि ज्या समाजात माणसाच्या शब्दाची किंमत जातीवरून ठरते, तेथे तो आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे.

१

मी उचगावात राहतो. करवीर तालुक्यातील हे गाव आता कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटले आहे. एका बाजूला पुणे-बंगळूर महामार्ग, जवळच गांधीनगरची कापडाची बाजारपेठ, थोडे पुढे गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहती. आमच्या वस्तीतील आईबाप कारखान्यात पाळीने जातात, बाजारात हमाली करतात, बांधकामावर राबतात. संध्याकाळी मी काही मुलांचा अभ्यास घेतो. त्यामुळे मुलांच्या तोंडून शाळा ऐकावयास मिळते.

ज्या करवीर भूमीत आम्ही राहतो, तिचा या बाबतीतील वारसा मोठा आहे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर घेण्याचा हुकूम काढला. राजाच्या हुकमाने दार उघडले.

पण दार उघडणे आणि आत सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे बाबासाहेबांचे स्वतःचे बालपण. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिन’ म्हणून पाळला जातो. प्रवेश मिळाला होता, नाव हजेरीपटावर होते. तरीही बसावयाचे ते घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून वेगळे. आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यावयाचे. शिपाई नसेल तर तहानलेले राहावयाचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आजच्या कायद्याच्या भाषेत याला मुलाचा मानसिक छळ म्हणतात. त्या काळी त्याला शाळेची शिस्त म्हणत. शाळेने त्यांना शिकविले, पण त्यांचे रक्षण केले नाही. ‘विद्यार्थी दिन’ साजरा करताना आपण हजेरीपटावरील सही दाखवितो. ते गोणपाट मात्र दाखवीत नाही.

२

मुलाचे संरक्षण म्हणजे केवळ लैंगिक अत्याचारापासून संरक्षण, असा समज आहे. तो अपुरा आहे. मारहाण, अपमान, जातीवरून टोमणा, ठरावीक मुलांनाच झाडू मारावयास व शौचालय धुवावयास लावणे, मुद्दाम मागे बसविणे, आणि लैंगिक अत्याचार या एकाच माळेतील गोष्टी आहेत. या सर्वांत एक समान सूत्र आहे: मोठ्या माणसाच्या हाती सत्ता आहे आणि लहानाच्या शब्दाला साक्षीचे मोल नाही.

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून ती तयार झाली होती. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांचे प्रमाण फार मोठे होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

का सांगितली नाही? याचे उत्तर मुलाच्या स्वभावात शोधले जाते. ते लाजाळू आहे, घाबरट आहे, असे म्हटले जाते. माझ्या मते उत्तर ऐकणाऱ्यांत आहे. एक घटना सांगतो. ती माझ्या गावची नाही. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून गाव, शाळा आणि मुलीची ओळख पटेल असे काहीही येथे लिहीत नाही. एका मुलीने शाळेतील एका कर्मचाऱ्याविषयी आईला सांगितले. आईने त्या दिवशीचा रोज बुडवला आणि शाळेत गेली. तेथे तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग समजावून सांगितले की प्रकरण वाढवू नका, उद्या तुमच्याच मुलीचे लग्न जमावयाचे आहे. पुढे ती माउली आमच्यापर्यंत आली तेव्हा तिचे शब्द होते, “सर, शाळेचं नाव खराब हुईल म्हणत्यात. माझ्या पोरीचं काय हुईल, ते कुणीच बोलंना.” त्याच दिवशी आम्ही तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो आणि गुन्हा नोंदला गेला. परंतु तिचे ते वाक्य म्हणजे या विषयावरील सारा ग्रंथ आहे असे मला वाटते.

‘शाळेची अब्रू’ नावाची एक वस्तू आहे. ती संस्थाचालकाची असते, मुख्याध्यापकाची असते, कधी गावाची असते. मुलाची नसते. मुलाने तोंड उघडले की ती जाते; अत्याचाराने ती जात नाही! ज्या समाजाने स्त्रीच्या देहात घराण्याची अब्रू ठेवली, त्याच समाजाने मुलाच्या मौनात शाळेची अब्रू ठेवली आहे.

३

गेल्या काही वर्षांतील महाराष्ट्रातील प्रकरणे पाहिली म्हणजे हे मौन कसे रचले जाते ते दिसते.

२०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवरील अत्याचार उघड झाला. २०१८ साली आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातील कुरळपच्या आश्रमशाळेत तर संस्थापकालाच अटक झाली. पुढे इस्लामपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. आईबाप दूर, राहणे-खाणे संस्थेच्या हाती, आणि तक्रार जेथे करावयाची तेथेच आरोपी बसलेला. अशा मुलींनी जावे कोठे?

२०१९ साली चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींचे प्रकरण पुढे आले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरावर असा आरोप होता की अत्याचाराची माहिती असूनही त्याने ती पोलिसांना कळविली नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि माहिती असून न कळविणे हा गंभीर अपराध आहे, गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच तो प्रयत्न ठरतो, असे स्पष्ट केले. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हा निकाल लक्षात ठेवला पाहिजे. गप्प बसणे आता ‘मध्यममार्ग’ राहिलेला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास ठाण्यात तिष्ठावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेवर न कळविल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला. परंतु २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. आपण संविधान मानणाऱ्यांनी येथे थांबून विचार केला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांवर ठपका ठेवला. आरोपी जिवंत राहून खटला चालला असता, तर त्या मुलींचे म्हणणे न्यायालयात सिद्ध झाले असते. गोळीने ती संधी संपविली. ज्या व्यवस्थेने मुलींचे ऐकावयास विलंब लावला, तिला त्या गोळीने टाळ्या मिळवून दिल्या.

आणखी एक गोष्ट. बदलापूरनंतर शिपाई, सफाई कामगार आणि गाडीचालक यांच्या पडताळणीची जोरात चर्चा झाली. ती झालीच पाहिजे. परंतु कुरळप काय सांगते? तेथे हात संस्थापकाचा होता. २०२० च्या नियमांनी शाळेतील प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी सांगितली आहे, शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी. संशयाची नजर फक्त झाडूवाल्याकडे वळत असेल, तर ते संरक्षण नसून जातीची जुनी सवय आहे.

४

दलित मुलाच्या बाबतीत हे मौन दुहेरी होते. एक, तो मूल आहे म्हणून त्याचा शब्द हलका. दुसरे, तो खालच्या मानलेल्या जातीचा आहे म्हणून आणखी हलका. मारले तर ‘त्याच्या भल्यासाठी’, हिणवले तर ‘गंमतीने’, आणि मुलीने तोंड उघडले तर ‘यांच्यात असेच असते’. शेवटचे वाक्य उघडपणे कोणी लिहीत नाही. पण ते ऐकले नाही असा कार्यकर्ता मला अद्याप भेटावयाचा आहे.

२८ एप्रिल २०१४ हा दिवस आपण विसरू शकत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, खर्डा येथे, बारावीत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून मारहाण झाली. ती सुरू झाली शाळेच्या आवारात. नंतर त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. त्याचे नाव चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले, कारण बरेच साक्षीदार फिरले. आणि त्या फिरलेल्यांत शिक्षकही होते.

शाळेच्या आवारातून मुलगा नेला जातो आणि शाळेने काही पाहिलेले नसते! बालसंरक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात हा धडा नाही, पण आमच्यासाठी तोच पहिला धडा आहे. शाळा ही मुलाची पहिली साक्षीदार आहे. ती फितूर झाली तर कायद्याचे पान कितीही कडक असो, ते कोरेच राहते.

५

तरीही ते पान आपल्याला ठाऊक असले पाहिजे. कायदा पुरेसा नसतो, पण अज्ञान तर शत्रूच्याच कामी येते.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली आहे. ‘छडी लागे छम छम’चे गोडवे गाणाऱ्या गुरुजींना हे सांगावे लागते. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान हवे. आपल्या वस्तीतील कोण त्या समितीवर आहे? बैठकीचे इतिवृत्त कोणी वाचले आहे काय? २०२२ पासून शासनाने शाळांत ‘सखी सावित्री’ समित्याही सांगितल्या आहेत. त्या कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वजण ‘पॉक्सो’ म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही तो लागू होतो. शिक्षक, कर्मचारी वा संस्थाचालक यांनी आपल्या संस्थेतील मुलावर अत्याचार केला, तर तो अधिक गंभीर गुन्हा मानला जातो. कपड्यावरून स्पर्श केला म्हणून गुन्हा होत नाही, असा युक्तिवादही आता चालत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आहे.

या कायद्याचा कणा म्हणजे कलम १९. अपराध घडला आहे हे ज्याला कळले, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. मुख्याध्यापकाला कळविले, संस्थेला कळविले, म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. न कळविल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडविला, तर एक वर्षापर्यंत. पोलिसाने नोंद केली नाही तर तोही याच कलमात येतो. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. भित्र्या शिक्षकाला हे वाक्य आवर्जून वाचून दाखवावे.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावयाचा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नव्हे. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची, आणि आई वा मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ असले पाहिजे.

पीडित मूल अनुसूचित जाती-जमातीचे असेल आणि आरोपी त्या बाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही पाहावा. फिर्याद देतानाच जात नमूद करावी, दाखला जोडावा. मग तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे राहत नाही, नियमाप्रमाणे अर्थसाहाय्य मिळते, आणि २०१६ च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या दुरुस्तीने आरोपीच्या जामिनावेळी पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा अधिकारही दिला आहे. ठाण्यात पुष्कळदा एकच कायदा लावून विषय मिटविला जातो. तेथे कार्यकर्त्याने जागे राहिले पाहिजे.

६

आता प्रत्यक्ष प्रश्न. मूल तुमच्याकडे येऊन सांगू लागले तर काय करावयाचे?

प्रथम, ऐकावयाचे. मध्ये बोलू नये, उलटतपासणी घेऊ नये, ‘तू तेव्हाच का नाही सांगितलेस’ हे तर मुळीच विचारू नये. मूल सांगते ते तुकड्यातुकड्यांत. पुष्कळदा ते ‘पोट दुखतंय’, ‘मी न्हाई जाणार शाळंला’ एवढेच म्हणते. अचानक शाळा नकोशी होणे, एखाद्या व्यक्तीचे नाव निघताच गप्प होणे, हीही भाषा आहे. दुसरे, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ते पाळता येत नाही आणि मोडले की मुलाचा विश्वास कायमचा जातो. ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे. तिसरे, मूल गेल्यावर त्याच्याच शब्दांत, दिनांक-वेळेसह लिहून ठेवावे. आपले शुद्ध मराठी त्यात घालू नये. चौथे, आरोपीला बोलावून समोरासमोर बैठक घेऊ नये. गावकीची बैठक, तडजोड, माफीपत्र हा आपल्या खेड्यांचा जुना रोग आहे. या गुन्ह्यात तडजोड होत नाही. पाचवे, पोलिसांना कळवावे. अडचण आली तर १०९८ हा बालमदतीचा क्रमांक आहे. तो मुलालाही पाठ करून द्यावा. मारहाण वा जातीय छळ असेल तर गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग यांच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

सहावी गोष्ट आपल्या चळवळीसाठी, आणि ती थोडी कडू आहे. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा वा वस्ती यांवरून ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करणे हा कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे. न्याय मागण्याच्या भरात आपल्याच फलकांवर मुलीचा फोटो झळकतो, मोबाइलवरून तिचे बोलणे गावभर फिरते. प्रस्थापितांच्या अब्रूसाठी तिला गप्प बसविले गेले. आपल्या आंदोलनासाठी तिला चव्हाट्यावर आणले गेले. दोन्हीकडे तिला कोणी विचारले नाही. आणि आरोपी आपल्याच वस्तीतला, आपल्याच संघटनेतला निघाला तर? तेव्हा ‘समाजाची बदनामी’ हा शब्द आपल्या ओठांवर येतो. शाळेची अब्रू आणि समाजाची बदनामी ही एकाच आईची लेकरे आहेत. एकीला नाकारावयाचे तर दुसरीलाही नाकारावे लागेल.

७

शासन कॅमेरे बसविते, तक्रारपेटी लावते. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने त्यांची सक्ती पुन्हा एकदा सांगितली. या गोष्टी असाव्यात. परंतु कॅमेरा वर्गातील टोमणा टिपत नाही, आणि तक्रारपेटीची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याच्याविरुद्ध चिठ्ठी टाकण्याचे धैर्य दहा वर्षांच्या मुलात कोठून येणार? ते धैर्य येते एकाच गोष्टीतून: आपले कोणीतरी ऐकेल या खात्रीतून.

ही खात्री देण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकत होती. त्या निबंधाचे आपण दलित साहित्याच्या संदर्भात कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थही पाहावा. एका शाळेने एका मुलीला तिचे दुःख तिच्या शब्दांत लिहू दिले, ते खोडले नाही, दडविले नाही, सर्वांसमोर येऊ दिले. त्या शाळेला आपल्या अब्रूची काळजी वाटली नाही.

बालसंरक्षण समित्या, पेट्या, परिपत्रके यांच्या आधी अशी शाळा हवी. ती शासन देईल तेव्हा देईल. तोवर प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत मुलाला माहीत असलेले एक तरी माणूस असले पाहिजे, ज्याच्याकडे जाऊन त्याने काहीही सांगावे आणि त्या माणसाने ते लिहून घेऊन ठाण्यापर्यंत, न्यायालयापर्यंत न फिरता उभे राहावे. शिक्षक वाचकांनो, आपल्या वर्गातील मुले आपल्याला तसे माणूस समजतात काय, हे त्यांना न विचारताही आपल्याला कळत असते. ज्यांना उत्तर ‘नाही’ असे मिळेल, त्यांनी कामाला तेथूनच सुरुवात करावी.